टेबल सॉसाठी घरी काय बनवावं, स्लेड की स्लायडिंग टेबल?

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेलं गोल ब्लेड असलेलं कापायचं यंत्र, घेऊन झालाय, रिप कट (लांबीत उभे कट) बरे येतायत आणि आता क्रॉसकटच्या (रुंदीत आडव्या कटाच्या) वेळी सॉसोबत आलेल्या त्या डुगडुगत्या माइटर गेजवर, फळी टेकवून ढकलायच्या त्या कोनमापी पट्टीवर, वैताग आलाय, अशा मंडळींसाठी लिहितोय. तयार पॅनल सॉ (सरकतं टेबल असलेला मोठा सॉ) घ्या असं कोणीतरी सांगेलच, पण त्याला अख्खी खोली लागते आणि ते काम मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्याचं. तत्त्व मात्र तिथलंच उचलायचं. विल्हेल्म आल्टेनडॉर्फ नावाच्या जर्मन माणसाने १९०६ मध्ये ते काढलं, म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली, की लाकूड टेबलावर घासत न्यायच्या ऐवजी लाकडासकट टेबलच पुढे न्यायचं. घरी हे दोन प्रकारे जमतं. एक म्हणजे सॉच्या टेबलावरच्या माइटर गेजच्या खाचांत धावणारा प्लायचा स्लेड, आणि दुसरं सॉच्या डाव्या बाजूला रेलवर सरकणारं वेगळं टेबल, त्याला इथे स्लायडर म्हणतो. मी दोन्ही बनवलेत, दोन्ही वापरतो.

स्लेडबद्दल आधी चांगलं सांगतो कारण ते पुष्कळ आहे. १२ मिमी प्लाय, मागे पुढे दोन सरळ आडव्या पट्ट्या, खाली खाचांत सरकणाऱ्या दोन पट्ट्या, म्हणजे रनर, झालं. खर्च म्हणाल तर प्लायचे तुकडे घरात पडलेले असतातच. लहान तुकडे कापायला याच्यासारखं काही नाही, आणि सनमायका किंवा व्हेनिअर लावलेला प्लाय कापताना खालच्या बाजूने कपचे उडत नाहीत कारण ब्लेडने पाडलेल्या फटीला अगदी चिकटून तळाचा आधार असतो. स्लायडरवर हे सुख नाही, तिथे झिरो क्लिअरन्सची, म्हणजे ब्लेडभोवती फट न ठेवणारी पट्टी टाकूनही माझ्याकडे कधीमधी कपचा उडतोच.

रनर मात्र सागवानाचे करू नका. मे महिन्यात खाचेत मस्त सरकतात, जुलै लागला की फुगून अडकतात, म्हणून रंधा मारावा तर दिवाळीनंतर त्याच पट्ट्या ढिल्या. पाऊण इंची ॲल्युमिनियमचा फ्लॅट घ्या, पुण्यात बोहरी आळीत नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळून जाईल, किंचित घासून बसवला की विषय संपला.

१२ मिमी तळ म्हणजे तेवढी ब्लेडची उंची गेली हे धरून चाला. १० इंची ब्लेड साधारण ८० मिमी वर येतं, त्यातले ६८ उरले, म्हणजे अडीच इंची चौकटीचं लाकूड जातं पण तीन इंची नाही. प्लायवाल्याला याचं काही नाही.

आता जी गोष्ट मला खटकली ती. तुम्हाला कदाचित खटकणार नाही. स्लेड चढवायचा तर ब्लेडवरचा गार्ड काढावा लागतो, कारण स्लेडची आडवी पट्टी ब्लेडच्या वरून जाते आणि गार्ड तिला आडवा येतो. रायव्हिंग नाइफ, म्हणजे ब्लेडच्या मागची कापलेली फट उघडी ठेवणारी पाती, खाली करून ठेवता येते, गार्ड नाही. एकदा काढायचा असता तर काही म्हणणं नव्हतं, पण साधं एक कपाट करायचं तरी रिप, क्रॉसकट, परत रिप असं चालू राहतं, आणि दर वेळी प्लग काढा, गार्ड काढा, स्लेड उचलून आणा, तो मोठा असेल तर कंबरेला कळतं, कट झाला की स्लेड उतरवून भिंतीला टेकवा, गार्ड बसवा, तो बसताना ती कळ कधी पहिल्या फटक्यात लागत नाही, मग परत रिप. जितक्या सुतारांकडे सॉ पाहिलेत त्यातल्या बहुतेकांचा गार्ड भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला असतो आणि त्याचं कारण आळस नसून हीच उठाठेव असणार असं माझं मत आहे. मी दर वेळी बसवायचो आणि दर वेळी चिडायचो. स्लायडरमध्ये फेन्स (फळी टेकवायची पट्टी) ब्लेडच्या अलीकडेच संपते, ब्लेडवरून काही जात नाही, त्यामुळे गार्ड जिथे आहे तिथेच. रिपवरून क्रॉसकटला यायचं म्हणजे सॉची स्वतःची रिप फेन्स (रिप करताना फळी टेकते ती) उजवीकडे सरकवायची आणि फळी डावीकडे ठेवायची, बस. माझ्यासाठी निकाल इथेच लागला, बाकी सगळं नंतरचं.

नंतरचं म्हणजे रुंदी. छोट्या सॉवर टेबलाच्या पुढच्या कडेपासून ब्लेडपर्यंत जेमतेम फूटभर जागा. किचन ट्रॉलीच्या बाजूची २२ इंची फळी स्लेडवर ठेवली की कट सुरू व्हायच्या आधी निम्मा स्लेड तुमच्या पोटाशी हवेत असतो, एका हाताने तो दाबायचा आणि दुसऱ्याने ढकलायचं. रेल पुढे काढलेली असेल तर स्लायडरला हा प्रश्न येत नाही. फक्त लांबीचा हिशोब आधी करा. २२ इंची फळी कापायला २२ इंच सरकणं पुरत नाही, टेबलावर आलेलं ब्लेड सहाएक इंच व्यापतं, तेही ओलांडावं लागतं, शिवाय टेबलाखालचे, रेलवर सरकणारे ब्लॉक एकमेकांपासून दहाएक इंच लांब हवेत नाहीतर टेबल डुलतं. मीटरची रेल अगदी काठावर पडते, १२०० मिमीची घ्या.

रेल म्हणजे एसबीआर २० प्रकारची, खाली ॲल्युमिनियमचा आधार असलेली गोल दांडी, दोन रेल आणि चार ब्लॉक. स्वस्तात म्हणून ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनल लावायचा मोह होईल, ते सगळीकडे मिळतात आणि वजनही घेतात, पण ते बाजूला हलतात आणि ते हलणं फेन्सच्या टोकाला दुपटीने दिसतं. भुसा गोळ्यांत गेला की वेगळी करकर. एसबीआरवरही भुसा बसतोच, मी ग्रीस थापत नाही, ग्रीसला भुसा चिकटतो, नुसतं तेलाच्या फडक्याने पुसतो. कोकणात, समुद्राजवळ असाल तर पावसाळ्यात रोज पुसायची तयारी ठेवा.

स्लायडरचा खरा ताप लेव्हलचा. फळी अर्धी स्लायडरवर आणि अर्धी सॉच्या टेबलावर असते, स्लायडर केसभर खाली राहिला तरी फळी टेबलाला घासून तिरकी होते. तो कागदाच्या जाडीइतका वर हवा. आणि त्याची चाल ब्लेडला समांतर हवी, त्यासाठी प्लग काढून ब्लेडच्या एका दातावर खूण करायची, तोच दात पुढे आणि मागे फिरवून दोन्हीकडे फेन्सच्या टोकापासूनचं अंतर बघायचं. सॉच्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या) टेबलाला भोकं पाडून रेल लटकवण्यापेक्षा १८ मिमी प्लायची एकच ट्रॉली करा आणि सॉ, रेल दोन्ही तिच्यावर घट्ट बसवा, म्हणजे ट्रॉली हलवली तरी दोघं एकमेकांना धरून राहतात. स्लेडला यातलं काहीच लागत नाही हे मान्य. त्याची फेन्स, म्हणजे आडवी पट्टी, एकदा पाच कटांची चाचणी (एकाच तुकड्याच्या चारही कडा फिरवून कापून, पाचव्या कटात चूक मोजणं) करून गुण्यात आणली की तो वर्षानुवर्षं तसाच. स्लायडर मी मधूनमधून तपासतो, आकडे लिहून ठेवत नाही, दोन कापलेल्या कडांना गुण्या लावून उजेडाकडे धरतो, फट दिसली नाही की पुढचं काम.

जागा हा मुद्दा मी टाळू शकत नाही. बाल्कनीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात काम असेल, सॉ दर रविवारी घडी घालून आत न्यायचा असेल तर सरळ स्लेडच करा, दोन करा, एक छोटा रोजचा आणि एक मोठा. खेळणी, डबे, फोटोफ्रेम असलं काम असेल तरी तेच. पण सॉ एका जागी राहतो, डावीकडे दोन फूट मोकळे आहेत आणि कपाटं, ट्रॉल्या करायच्यात, तर थोडे जास्त पैसे आणि एक-दोन सुट्ट्या घालून स्लायडरकडे जावं असं मला तरी वाटतं. ४५ अंशांसाठीसुद्धा त्याची फेन्स फिरवता येते, स्लेडला दुसरा स्लेड लागतो. माझा छोटा स्लेड फळीवर आहे अजून, बोटाएवढे तुकडे कापायचे तर तोच काढतो आणि तेवढ्यापुरता गार्ड काढतो.

दोन्हींत एक सांभाळा, क्रॉसकट करताना रिप फेन्सला फळी टेकवून माप घेऊ नका, सुटा तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये अडकून अंगावर येतो. माप हवंच तर रिप फेन्सला, तुमच्याकडच्या टोकाला, छोटा ठोकळा लावा, फळी ब्लेडला लागायच्या आधी त्याच्यापासून सुटली पाहिजे. आणि रेल ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानात जाऊन घ्या, ब्लॉक दांडीवर चढवून आडवा हलवून बघा, हाताला हलणं जाणवलं तर दुसरा मागा, बऱ्याच ब्लॉकांना बाजूला घट्ट करायचा छोटा स्क्रू असतो पण दुकानदार तो आपणहून दाखवत नाहीत.