मुळाक्षरं आधी की अक्षरगट?

पहिलीत ‘अ’ ते ‘ज्ञ’ आणि मग बाराखडी हा क्रम पाठांतराला सोपा, पालकांच्याही ओळखीचा. पण वाचण्याजोगे शब्द हाती यायला फार उशीर लागतो. मूल बाराखडी घडाघडा म्हणतं आणि मधलाच ‘कु’ दाखवला की अडतं.

अक्षरगटात मोजकी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह एकत्र शिकवतात. क, म, ल, न आणि काना एवढ्यावरच काम, नाक, कान, माल, कमल वाचता येतात. म्हणून हीच पद्धत उजवी. गट मात्र विचारानं पाडावेत: घ-ध, भ-म एकत्र नकोत. पहिली वेलांटी उशिरा घ्यावी. ती लिहायची अक्षराआधी, उच्चारायची नंतर, तिथे मुलं हमखास गोंधळतात. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलांशी तर हे शब्द आधी तोंडी, वस्तू दाखवून भरपूर बोलावेत. नाहीतर ‘नाक’ बिनचूक वाचूनही ते कशाला म्हणतात हे कळत नाही.