हंगामभर वापरलेली बिलिंग प्रणाली आणि तिची हरवलेली फोकस-खूण

देवगडहून वाशीच्या बाजारात हापूसच्या पेट्या पाठवण्याच्या आमच्या व्यवसायासाठी ब्राउझरमध्ये चालणारी ही बिलिंग प्रणाली आम्ही गेल्या पावसाळ्यानंतर घेतली. बिले, आडतदारांच्या पट्ट्यांची (विक्रीच्या हिशेबपत्रकांची) जुळणी, भाडे आणि हमालीच्या नोंदी ही कामे ती चोख करते. त्यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी येथे एकाच गोष्टीविषयी लिहितो. टॅब दाबल्यावर आपण पडद्यावर नेमके कोठे आहोत, म्हणजेच फोकस कोठे आहे, हे दाखवणारी खूण ऐन हंगामाच्या तोंडावर आलेल्या नव्या आवृत्तीत नाहीशी झाली.

आमचे हिशेब लिहिणारे काका उजव्या हाताला कंप असल्यामुळे माऊस वापरू शकत नाहीत. मात्र टॅब, बाणाच्या कळा आणि एंटर यांवर त्यांचा हात आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जलद चालतो. मजकुराच्या चौकटीत लुकलुकणारी उभी रेघ तरी दिसते. डझनी (पेटीत किती डझन फळे) आणि आडतदार निवडण्याच्या याद्यांमध्ये तीही नसते, आणि फोकस तेथे असताना बाणाची कळ दाबली की निवड मुकाट्याने बदलते. अशाच प्रकारे एका आडतदाराच्या पेट्या दुसऱ्याच्या खात्यावर चढल्या आणि पट्टी आल्यावर जुळवाजुळव करता करता रात्र गेली. काका एवढेच म्हणाले, “मी कुठे आहे ते मला दिसलंच नाही.”

ग्राहक सेवेने प्रथम माऊस वापरून पाहण्याचा सल्ला दिला. हे उत्तर मला अतिशय लागले. कळफलकावर चालणाऱ्या प्रत्येक पडद्यावर फोकस दिसलाच पाहिजे, हा डब्ल्यूसीएजीमधील, म्हणजे संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधील, २.४.७ क्रमांकाचा निकष २००८ पासून आहे आणि तो ए, एए, एएए या चढत्या पातळ्यांपैकी मधल्या एए पातळीचा आहे, असे मी त्यांना लिहून कळवले. ब्राउझर स्वतःहून फोकस असलेल्या घटकाभोवती बाह्यरेषा दाखवत असतोच. माऊसने क्लिक केल्यावरही ती दिसते आणि पडदा विद्रूप होतो, या समजुतीने ती सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या संकेतांत, पुसून टाकली जाते. वास्तविक सीएसएसमधलेच ‘फोकस-व्हिजिबल’ वापरले तर माऊसने दाबलेल्या बटणावर ती सहसा उमटत नाही आणि कळफलक वापरणाऱ्याला मिळते, म्हणजे त्या तक्रारीलाही उत्तर आहे.

पुढील आवृत्तीत बाह्यरेषा परतली, पण पांढऱ्या पार्श्वभूमीवर अत्यंत फिकट निळ्या रंगात. दुपारी पडवीतल्या उजेडात काकांना ती दिसेना. निकष पाळला असल्याचे कंपनीने कळवले. २.४.७ एकट्याने वाचला तर त्यांचे म्हणणे टिकतेही, कारण खूण किती ठळक असावी याबद्दल तो काही सांगत नाही. परंतु डब्ल्यूसीएजीच्या २०१८ च्या आवृत्तीतील १.४.११ निकष अशा खुणेसाठी लगतच्या रंगाशी किमान ३:१ एवढा उठाव (कॉन्ट्रास्ट) मागतो, आणि तो या रेषेत नव्हता. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीतील २.४.१३ निकष खुणेच्या आकाराचेही माप देतो: घटकाभोवती २ पिक्सेल जाडीची पूर्ण रेषा काढल्यावर जेवढे क्षेत्र भरेल, किमान तेवढे. मसुद्यात एए पातळीला असलेली ही अपेक्षा अंतिम दस्तऐवजात एएए पातळीला गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते. वापरणाऱ्याच्या डोळ्यांना जे हवे, तेच ऐच्छिक होऊन बसले.

माझे मत बदलले ते यानंतर. १.४.११ चा हवाला देऊन पाठवलेल्या पत्रावर या वेळी थेट एका विकसकाचा फोन आला. त्यांनी काकांना पडदा दाखवायला सांगितले, ते कोठे अडतात हे शांतपणे पाहिले आणि थोड्याच दिवसांत गडद, जाड बाह्यरेषा आली. तळाशी चिकटून राहणारी एकूण रकमेची पट्टी हमालीची चौकट पूर्ण झाकत होती, तेही त्यांनी त्याच वेळी हेरले. २.२ मधील २.४.११ निकष एए पातळीला फक्त एवढेच सांगतो की फोकस असलेला घटक पूर्णपणे झाकला जाऊ नये; त्यांनी त्याहून पुढे जाऊन चौकट संपूर्ण दिसेल अशी सोय केली. सेवेबद्दल आधी मनात असलेला तारांकनाचा आकडा मी त्या दिवशी वाढवला.

तरीही तारखेचे कॅलेंडर राहिलेच आहे. ते एस्केप दाबून बंद केले की फोकस तारखेच्या चौकटीवर परतण्याऐवजी पानाच्या अगदी वर जातो आणि काकांना पुन्हा सगळी टॅब-वारी करावी लागते. ही प्रणाली घेणाऱ्यांनी चाचणीच्या काळात माऊस बाजूला ठेवून एक संपूर्ण बिल करून पाहावे, कॅलेंडर उघडून बंद करावे आणि मगच पैसे भरावेत. वार्षिक वर्गणीवर चांगली सवलत मिळते आणि मी एरवी अशी सवलत सोडणारा नव्हे, परंतु कॅलेंडर दुरुस्त होईपर्यंत महिन्याचेच पैसे भरणार असल्याचे मी त्यांना लेखी कळवले आहे.