मजला चढवायचा की घर पाडून बांधायचं?

गच्चीवर कॉलमच्या सळया सोडलेल्या आहेत, म्हणजे वरचा मजला झालाच, असं अनेक घरांत धरून चालतात. त्या सळयांवरून बांधणाऱ्याचा इरादा कळतो, पायाची ताकद नाही. म्हणून पहिला खर्च खड्ड्यांचा: एका कोपऱ्यातल्या आणि एका मधल्या कॉलमपाशी खणून फुटिंगचं, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या पायाचं, माप आणि खालची जमीन पाहायची. मधला कॉलम टाळू नका, भार जास्त तिथेच येतो.

मग वजन मांडा. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब सुमारे २९ टन. नऊ इंची विटांची दहा फुटी भिंत मीटरमागे साधारण १,३०० किलो, म्हणजे ३९ मीटरच्या घेराला ५० टन. त्याच भिंती सहा इंची एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) केल्या तर गिलावा सोडून १२ टनांच्या आसपास. गच्चीवरचा चार इंची कोबा काढला की आणखी १८ टन हलके होतात. बेताच्या पायावर मजला बसतो की नाही, हे बऱ्याचदा या दोन गोष्टींवरच ठरतं.

काँक्रीटचे कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले गोल नमुने, काढून तपासा. एम २० प्रतीचं काँक्रीट (ताकद चौरस मिमीला २० न्यूटन) धरलं असेल तर सरासरी १७ आणि एकही नमुना १५ न्यूटनच्या खाली नको. सळयांचंही पाहा: १२ मिमीच्या सळईला जोडासाठी साधारण ६०० मिमी लांबी लागते, गच्चीवर बहुधा फूटभरच असते, तीही गंजलेली.

कमकुवत कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर, करता येतं, पण ते फुटिंगपासून वर यावं लागतं. चारही बाजूंनी चार इंच वाढून ९ × १२ चा कॉलम १७ × २० होतो, खालच्या फरशा फुटतात, दारं अडतात. एक-दोन कॉलम असतील तर करावं. एक तृतीयांशाहून अधिक असतील तर आमचं मत सरळ पाडण्याकडे.

मातीत रचलेल्या दगडी भिंतींचं घर असेल तर मजल्याचा विचारच नको. १९९३ च्या भूकंपात किल्लारीला अशाच भिंती आणि वरची जड माळवदं माणसांवर कोसळली.

नव्या बांधकामात ३०० मिमीचे कॉलम, भूकंपरोधक रिंगा, उंच जोतं, खाली पार्किंग, सगळं मनासारखं जमतं. भाडं आणि सामान हलवणं हा खर्च दिसतो; न दिसणारा तोटा जागेचा. जुनं घर हद्दीला चिकटून असेल तर आजच्या नियमांनुसार सामासिक अंतर (हद्दीपासूनची मोकळी जागा) सोडावं लागतं आणि लहान प्लॉटवर तळमजल्याची एक खोली जाऊ शकते. भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल तर ती पाडण्याआधी त्याच्या बाजूला टेकू द्यावे लागतात. म्हणून नव्या घराचा नकाशा मंजूर झाल्याशिवाय जुन्या भिंतीला घण लावू नका. दोन्ही पर्यायांत परवानगीच्या अर्जावर मालमत्ता पत्रकातल्या सर्व सहमालकांच्या सह्या लागतात; बहिणींची नावं असतील तर त्यांच्याशी बोलणं खड्डे खणण्याच्याही आधी.