अमेरिकी गुलामगिरीची दोन दफ्तरे : मुलाखती आणि ब्यूरोचे कागद

अमेरिकेतील गुलामगिरीचा इतिहास मूळ साधनांतून वाचू पाहणाऱ्यास दोन मोठे डिजिटल संग्रह उपलब्ध आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे पूर्वी गुलाम असलेल्या स्त्री-पुरुषांच्या, १९३६ ते १९३८ दरम्यान घेतलेल्या २,३०० हून अधिक मुलाखती आहेत. नॅशनल आर्काइव्ह्जने गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी नेमलेल्या फ्रीडमेन्स ब्यूरो या सरकारी खात्याचे १८६५ ते १८७२ या काळातील दफ्तर जपले आहे.

मुलाखती टंकलिखित असल्याने भराभर वाचता येतात आणि त्यांतील माणसे मनाला भिडतात. मात्र मुलाखतकार बहुतेक गोरे होते, तर सांगणारे गुलामगिरी संपली तेव्हा बहुधा लहान मुले होते. महामंदीच्या दारिद्र्यात, वंशभेदी कायद्यांच्या दहशतीखाली, गोऱ्या सरकारी माणसासमोर कोणी किती मोकळेपणाने बोलले असेल, हा प्रश्न प्रत्येक पानावर मनात ठेवावा लागतो. मालकाच्या दयाळूपणाचे वर्णन तर विशेष सावधपणे वाचावे.

ब्यूरोच्या कागदांत मजुरीचे करार, विवाहनोंदी, शाळांचे अहवाल आणि मारहाणीच्या तक्रारी त्याच काळात लिहिलेल्या सापडतात. जुने हस्ताक्षर लावणे कष्टाचे असले, तरी माझ्या मते अभ्यासाची सुरुवात येथूनच करावी, कारण १८७० पूर्वीच्या जनगणनेत गुलामांची नावे सहसा नोंदवलीच जात नसत आणि अनेक कुटुंबांचे नाव सरकारदरबारी प्रथम याच कागदांवर उमटले आहे.