पिंटरेस्टचा बोर्ड का गंगावेशीतला बोर्ड?

आमच्या कोल्हापुरातल्या डिझाइनच्या ऑफिसात नवीन पोरगं लागलं की महिन्याभरात त्याचा प्रश्न ठरलेला: "दादा, आयडिया शोधायच्या कुठं?" त्याला खरं तर एवढंच विचारायचं असतं की ब्रीफ, म्हणजे क्लायंटचं काम, आल्यावर पहिला तासभर पिंटरेस्ट-बिहान्ससारख्या चित्रांच्या साइटवर घालवावा का गाडीला किक मारून पेठेत पाट्या बघत चक्कर टाकावी. मी दोन्ही केलंय. पहिली सात-आठ वर्षं फक्त स्क्रीन, त्यानंतर हळूहळू रस्ता. त्यामुळं मी अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही.

आधी स्क्रीनच्या बाजूनं बोलतो, कारण तिला उगाच शिव्या द्यायची फॅशन आहे. क्लायंट "प्रीमियम पाहिजे, पण साधं" म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात नेमकं काय आहे हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. चार चित्रं पुढं ठेवली की तो बोट ठेवतो आणि पुढचा आठवडा वाचतो. हे काम पेठेतली पाटी करू शकत नाही. शिवाय जुलैत इथं जो पाऊस असतो, त्यात स्केचबुक घेऊन कोण हिंडणार? बिल्डर, हॉस्पिटल, पुण्यातलं एखादं सॉफ्टवेअरवालं काम असेल तर मीही आजसुद्धा मुकाट्यानं नेटवरच्या चित्रांचा बोर्डच बनवतो.

माझं बिनसलं ते एका गुळाच्या लेबलवरून.

करवीर तालुक्यातले एक गुऱ्हाळवाले काका आले होते. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून किलोच्या डब्यात, नाव छापून गूळ विकायची हौस बऱ्याच जणांना आली आहे, त्यातलेच. मी रीतसर बोर्ड केला. खाकी कागद, सुतळी, पेन्सिलीनं काढल्यासारखा ऊस, आणि लांब लांब विखुरलेली बारीक इंग्रजी अक्षरं. दिसायला देखणा. मग त्या जागी मराठी मजकूर बसवायला घेतला. वरच्या ओळीत 'शुद्ध', खाली 'सेंद्रिय गूळ'.

इंग्रजी कॅपिटल अक्षरं दोन सरळ रेघांच्या मध्ये शहाण्यासारखी बसतात. त्यांच्या ओळी एकमेकींना चिकटवा, अक्षरं लांब करा, काही बिघडत नाही. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली. वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. अक्षरांत अंतर टाकलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अंतर काढून ओळी जवळ घेतल्या, तर 'शु'चा उकार बरोबर 'सें'च्या अनुस्वारात घुसला. मी अक्षर बारीक केलं, फॉन्ट बदलला, 'मुक्त' झाला, 'बालू' झाला. फॉन्टचा काही दोष नव्हता, मांडणीच दुसऱ्या लिपीची होती. काकांनी प्रिंट हातात धरली आणि म्हणाले, "वरची ओळ खालच्या ओळीच्या डोस्क्यावर बसलीया की ओ."

हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण आमच्याकडची निम्म्याहून जास्त कामं मराठी मजकुराची, आणि दर वेळी तेच. देवनागरीची चांगली कामं बिहान्सवर आहेत, नाही असं नाही. पण आपण शोधतो 'जॅगरी पॅकेजिंग', आणि समोर येतं तिकडचं. एकदा त्यावर बोट टेकलं की पुढं आठवडाभर तीच सुतळी आणि तोच खाकी कागद.

त्या आठवड्यात गंगावेशीच्या बाजूला एका जुन्या तेलाच्या दुकानाचा बोर्ड दिसला. वर 'शुद्ध', खाली 'शेंगतेल'. म्हणजे अडचण तंतोतंत माझीच! पेंटरनं काय केलं होतं, तर खालची ओळ दीड अक्षर उजवीकडं सरकवली होती. वरचा उकार डावीकडच्या मोकळ्या जागेत ऐसपैस लोंबत होता, आणि 'शें'ची मात्रा 'द्ध'च्या पलीकडं निघाली होती. शिरोरेषा बोटभर जाड, दोन्ही ओळींना सारखी. कोपऱ्यात पुसट सही, नावापुढं 'पेंटर'. मी गाडी स्टँडवर लावून दहा मिनिटं बघत बसलो. लेबल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं.

या गावात 'पेंटर' हे आडनावासारखं लागतं, आणि ते उगाच नाही. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचं मूळ आडनाव मेस्त्री. भाऊ आनंदराव यांच्याबरोबर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या नादाला लागले, कॅमेराही इथंच बनवला, आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. सिनेमाची पोस्टरंही स्वतःच रंगवायचे. अशा गावात बसून मी परदेशातल्या सुतळीचे फोटो साठवत होतो, याची मला थोडी लाज वाटली हे खरं.

आता रस्त्याचे तोटे. वेळ जातो, आणि चारपैकी तीन फेऱ्या कोऱ्या जातात. हातानं रंगवलेले बोर्ड फ्लेक्सनं खाल्ले. महाद्वार रोडवर मान वर केली की वाढदिवसाचे चेहरेच जास्त दिसतात. आणि रस्त्याचीही स्वतःची सुतळी असते: फेटा, मिशी, तांबडा रस्सा आणि 'नाद खुळा'. कोल्हापूरचं काम म्हटलं की हे चार दागिने घालायचे, ही सवय पिंटरेस्टपेक्षा वाईट. कोल्हापुरी साजाचंच बघा. गळ्यातल्या या दागिन्यात परंपरेनं २१ पानं असतात, प्रत्येकाचा आकार वेगळा आणि बहुतेकांना अर्थ आहे. गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, एखाद्या कारागिराशेजारी बसून ती निरखली, तर दोन वर्षांचे आयकॉन निघतील. आपण मात्र इंटरनेटवरून साजाचा फोटो उचलून कोपऱ्यात चिकटवतो. बघून शिकणं आणि उचलणं यातला फरक रस्त्यावरही पाळावाच लागतो. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा इथं केवढा गदारोळ झाला.

टाऊन हॉलचं म्युझियम एकदा बघून घ्या. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती तिथं आहे. पण रोजच्या कामाला त्याचा उपयोग बेताचाच.

तर, काम इंग्रजीत असेल, मुदत उद्याची असेल किंवा क्लायंटला स्वतःलाच काय हवंय ते माहीत नसेल, तर स्क्रीन. मजकूर मराठी असेल आणि हातात दोन दिवस असतील, तर मी तरी गाडी काढीन. सकाळी सातच्या आत निघा. शटर बंद असतात आणि काही शटरवरची अक्षरं बोर्डापेक्षा चांगली निघतात. फक्त दुकान उघडं असेल तर फोटो काढण्याआधी मालकाला सांगा. मला दोन ठिकाणी महापालिकेचा माणूस समजून आधी बाकडं पुसून दिलं आणि मग चहा मागवला. दुसऱ्या ठिकाणी मी डिझायनर आहे हे कळल्यावर मालकांनी विचारलं, "मग बोर्ड काढायला लागणार नाही ना?"