लॅमिनायटिसनंतर पुन्हा खोगीर: रबरी खुरबुटांचा चार महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी एका रात्री चंदीच्या खोलीचे दार उघडे राहिले आणि आमच्या ११ वर्षांच्या काठेवाडी घोडीने जवाचे अर्धे पोते फस्त केले, त्याची परिणती पुढच्या दोन्ही पायांच्या लॅमिनायटिसमध्ये झाली. या आजारात खुराच्या आतले हाड भिंतीला धरून ठेवणारे पापुद्रे सुजून सैल पडतात. तिचे हाड क्ष-किरण चित्रात किंचित फिरलेलेही दिसले. आठ महिन्यांनी, वेदनाशामक पूर्ण बंद असताना ती न लंगडता चालू लागली, तेव्हा पशुवैद्यांनी खोगिराला परवानगी दिली आणि नालबंदांच्या सल्ल्यावरून आम्ही नाल न ठोकता, आत मऊ गादी असलेले परदेशी रबरी बूट मागवले.

मुरमाच्या वाटेवर फरक पहिल्याच दिवशी दिसला. अनवाणी असताना खड्यांवर आखूड, जपून पावले टाकणारी घोडी बुटांत टाच आधी टेकवत मोकळी चालू लागली. पहिले सहा आठवडे आम्ही रोज २० मिनिटे केवळ चाल ठेवली, तीही सरळ वाटेने, कारण लहान रिंगणात वळताना खुरांना पीळ बसतो. दुडकी त्यानंतर, मऊ मातीवर, दोन-दोन मिनिटांची.

गैरसोयी आहेत. चिकटपट्टीत कुसळे इतकी अडकतात की मोतद्दार दररोज जुना दातब्रश घेऊन बसतो. टाचेवर घासून कातडी सोलवटली, म्हणून आत सुती मोजा घालावा लागला. खूर तासल्यावर लगेच माप घेतले होते. पाचव्या आठवड्यात वाढलेल्या खुरावर तोच बूट चढवताना घाम फुटला.

खरा धोका मात्र बूट उत्तम असण्यातच आहे, कारण तो दुखणे झाकतो. पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत चरून आलेली घोडी बुटांत छान चालत होती. बूट काढल्यावर खूर गरम लागला आणि वरच्या सांध्यामागची नाडी बोटाखाली ठणठण उडत होती. दहा दिवस स्वारी बंद केली, चरणे थांबवले आणि भिजवून निथळलेले वाळके गवत दिले. तेव्हापासून दर रविवारी बूट काढून तिला सिमेंटच्या अंगणात चालवून पाहतो, आणि शंका आली तर त्या आठवड्यात खोगीर खुंटीवरच राहते.

किंमत नालबंदीच्या कित्येक फेऱ्यांएवढी पडली, तरी पुढच्या पायांसाठी हेच बूट पुन्हा घेईन. वेळ आली तर एक माप मोठे.