दहा महिने घरी अळिंबी पिकवल्यानंतर: धिंगरी पास, रेशी शोपीस

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. अळिंबी म्हणजे मशरूम; तिचे चार प्रकार मी लावून पाहिले. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) घरी करा, बिनधास्त करा. लायन्स मेन करायची तर तयार ब्लॉक, म्हणजे बुरशी रुजवलेले भुशाचे ठोकळे, आणून करा. शिताकेला संयम लागतो, आणि तो माझ्याकडे बेताचाच आहे. रेशी मात्र ‘घरचं औषध’ म्हणून लावणार असाल तर पुढचं सगळं वाचूनच काय ते ठरवा.

दहा महिन्यांत एकूण एकोणीस बेड (काड भरलेल्या पिशव्या) आणि ब्लॉक माझ्या हाताखालून गेले. त्यातले सहा फेकले. सहापैकी पाच वेळा चूक माझी होती, आणि सहाव्या वेळीही बहुधा माझीच.

अळिंबी लावायला स्पॉन विकत आणावं लागतं. सुरुवातीला माझी समजूत अशी की स्पॉन म्हणजे बी. पेरायचं, पाणी शिंपडायचं, वाट बघायची. प्रत्यक्षात स्पॉन म्हणजे धान्याच्या दाण्यांवर आधीच वाढवलेली जिवंत बुरशी. दाणे तिची नुसती शिदोरी. पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेले ते दाणे पिशवीतून बाहेर काढले तेव्हा आई शेजारी उभी होती. म्हणाली, “लोक घरातली बुरशी पुसून काढतात, आणि तू ती विकत आणलीस?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पहिला बेड गव्हाच्या काडाचा. काड दोन-तीन सेंटिमीटरचं कापलं, रात्रभर भिजवलं, मग 75 ते 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून निथळत घातलं. इथे सगळं अडतं ते निथळण्यावर. मूठभर काड घट्ट आवळलं की बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यायला हवा. माझ्या मुठीतून बारीक धार लागली होती आणि मी ‘चालतंय’ म्हणून पिशवी भरली. चौथ्या दिवशी तळाला पिवळट पाणी साचलं आणि नासलेल्या ताकासारखा आंबूस वास सुटला. गेला तो बेड. पुढच्या वेळी काड चाळणीत घालून, वर वजन ठेवून, अर्धा दिवस निथळू दिलं. एक किलो कोरड्या काडाचं ओलं वजन पावणेतीन किलोच्या थोडं वर भरलं, म्हणजे साधारण 65 टक्के पाणी. त्यात 200 ग्रॅम स्पॉन थरांमध्ये पसरलं, पिशवी दाबून बांधली, वीसेक भोकं पाडली आणि 24 अंशांच्या आसपास ठेवून दिली.

अठरा दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र झाली. मधे एकदा हात लावून पाहिला तर ती खोलीपेक्षा किंचित कोमट लागली. आत काहीतरी जेवतंय हे तेव्हा पहिल्यांदा पटलं.

आता माझी मुख्य तक्रार. ती घरी अळिंबी पिकवायच्या कुठल्या तयार किटबद्दल नाही, किटसोबत येणाऱ्या सूचनांबद्दल आहे. मी वाचलेल्या प्रत्येक सूचनापत्रकात एकच घोष होता: ओलावा टिकवा, दिवसातून इतक्या वेळा फवारा, झाकून ठेवा. हवेबद्दल अर्धं वाक्य. मी आज्ञाधारक माणूस. बेड मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं, दिवसातून पाच वेळा फवारलं. टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके, म्हणजे पिनहेड, आले तेव्हा मी फार खूश होतो. चार दिवसांनी जे उगवलं ते पाहून बायकोने विचारलं, “हे मोड आहेत का?” बोटभर लांब पांढरे देठ, वर शर्टाच्या बटणाएवढी टोपी आणि देठांच्या बुंध्याशी मऊ पांढरी लव. मला वाटलं ओलावा कमी पडला. मी फवारणी वाढवली. देठ आणखी लांबले.

कारण साधं आहे, फक्त कोणी सांगायला हवं. बुरशी झाडासारखी नसते; ती आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बंद डब्यात तो साचत जातो. लाकडाच्या फटीत जन्मलेल्या अळिंबीला वायू साचलाय म्हणजे आपण अजून फटीतच आहोत असं कळतं, म्हणून ती देठ ताणत राहते. मोकळी हवा लागली की मगच टोपी पसरते. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असतो. धिंगरीला टोपी धरताना तो हजाराच्या आत लागतो. माझ्या डब्यात किती होता देव जाणे, माझ्याकडे मीटर नाही. पण देठ हाच मीटर आहे. देठ लांब, टोपी बारीक दिसली की फवारा खाली ठेवा आणि झाकण उघडा.

त्यानंतर डब्याच्या चारही बाजूंना मोठी भोकं पाडली, झाकण काढून वर ओलं फडकं टाकलं आणि पाणी बेडवर मारण्याऐवजी डब्याच्या भिंतींवर मारायला लागलो. आर्द्रता 95 वरून 85-90 वर आली. त्याच बेडचं दुसरं पीक बघण्यासारखं आलं. पिनहेड दिसल्यापासून पाच-सहा दिवसांत काढणी, आणि शेवटचे दोन दिवस तर सकाळी पाहिलेला झुपका संध्याकाळी ओळखू येत नाही. पहिल्या पिकात 160 ग्रॅम देठ मिळाले होते. दुसऱ्यात 340 ग्रॅम खरीखुरी धिंगरी मिळाली, तिसऱ्यात 190. एक किलो कोरड्या काडावर एकूण 690 ग्रॅम. एक किलोला एक किलो आलं की कार्यक्षमता शंभर टक्के धरतात, म्हणजे माझी 69. नंतरचे चांगले बेड 90 पर्यंत गेले.

काढणीबद्दल एक ताकीद. टोपीची कड अजून खाली वळलेली असतानाच अख्खा झुपका पिळून काढा. मोठी होऊ दे म्हणून मी एकदा दोन दिवस थांबलो. कड वर वळली आणि खालच्या फळीवर पिठी साखर चाळल्यासारखा पांढरा थर बसला. ते बीजाणू होते, म्हणजे अळिंबी पसरते ते सूक्ष्म कण. डबा झोपायच्या खोलीत होता आणि त्या आठवड्यात मला कोरडा खोकला लागला. अळिंबीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना बीजाणूंमुळे फुप्फुसांची ॲलर्जी होते, हे मी त्यानंतर वाचलं. डबा त्याच दिवशी गॅलरीत गेला. घरात कोणाला दमा असेल तर हे आधीच ठरवा.

गॅलरीत गेल्यावर चिलटं आली. पिवळे चिकट कागद लावले. कमी झाली, संपली नाहीत. पुढे.

लायन्स मेनने माझा गर्व उतरवला. धिंगरी जमली म्हणून लाकडाच्या भुशात गव्हाचा कोंडा मिसळून स्वतःच ब्लॉक करायला घेतले. कोंडा हे पौष्टिक खाणं, आपल्या बुरशीला आवडतं तसं दुनियेतल्या सगळ्या बुरशींना आवडतं. काडाला नुसतं गरम पाणी पुरतं, कारण त्यातून वाचलेले काही जिवाणू नको त्या बुरशीला थोपवून धरतात आणि धिंगरी स्वतःही दांडगट आहे. कोंड्याच्या ब्लॉकला मात्र 121 अंशांवर दोन-अडीच तासांचं पूर्ण निर्जंतुकीकरण लागतं. मी कुकरमध्ये पाऊण तास दिला. आठव्या दिवशी ब्लॉकवर छान पांढरी वाढ दिसली, मी घरभर दाखवत फिरलो; दहाव्या दिवशी त्याच पांढऱ्यावर हिरवी पूड उमटली. ट्रायकोडर्मा, म्हणजे नको असलेली हिरवी बुरशी. तीनही ब्लॉक पिशवी न उघडता बाहेर गेले. पिशवी उघडून वास घ्यायचा मोह आवरा, एका फुंकरीत ते बीजाणू सगळीकडे होतात.

मग तयार ब्लॉक आणले. तिथेही एक घोळ घातला: थेट पाणी मारलं आणि पांढरा गोळा पिवळट-तपकिरी पडला. पुढच्यांना मुळीच हात लावला नाही. याला टोपी-देठ काही नसतं. पांढरा लोकरीचा गुंडा, आणि त्यातून खाली लोंबणारे मऊ काटे. काटे अर्ध्या-एक सेंटिमीटरचे झाले की काढायचा. शिजवण्याआधी हलक्या हाताने पाणी पिळून काढलं तर उत्तम, नाहीतर स्पंज खाल्ल्यासारखं होतं.

हा लोकांना हवा असतो तो स्मरणशक्तीसाठी. फळात (म्हणजे आपण खातो त्या गोळ्यात) हेरिसिनोन आणि तंतूंमध्ये एरिनासिन नावाची संयुगं असतात, इथपर्यंत ठीक. जपानमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेली एक छोटी चाचणी नेहमी पुढे केली जाते: 50 ते 80 वयाची, किंचित विसरभोळेपणा असलेली 30 माणसं, त्यातल्या एका गटाला रोज 3 ग्रॅम सुकी पूड, 16 आठवडे. पूड घेणाऱ्यांचे गुण वाढले, बंद केल्यावर चार आठवड्यांत ते घसरू लागले. आता घरचा हिशेब करा. ताज्या अळिंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. म्हणजे 3 ग्रॅमसाठी रोज 30 ग्रॅम ताजी, 112 दिवसांची 3 किलो 360 ग्रॅम. माझ्या तीन ब्लॉकनी मिळून 980 ग्रॅम दिली. आम्ही ती चवीने खाल्ली आणि किल्ल्या तेवढ्याच वेळा हरवतो.

शिताकेचं थोडक्यात. ब्लॉक पांढरा होऊन वर झाडाच्या सालीसारखा तपकिरी थर धरेपर्यंत अडीच महिने गेले, मग रात्रभर गार पाण्यात बुडवल्यावर पीक आलं. पूर्ण शिजवूनच खा. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खाल्ल्यास काही जणांच्या अंगावर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल वळ उठतात. कापून, कल्ल्यांची (टोपीखालच्या पातळ पट्ट्यांची) बाजू वर करून उन्हात ठेवली तर त्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. हे एवढंच ‘औषधी’ काम मला घरी खात्रीने जमलं.

आणि रेशी. दिसायला हिच्या तोडीचं दुसरं काही नाही. बंद पिशवीत तिला हरणासारखी शिंगं फुटली (पुन्हा तोच साचलेला वायू), पिशवी कापून हवा दिल्यावर त्याच शिंगांची टोकं पंख्यासारखी पसरली. पांढरी कड, मग पिवळी, मग नारिंगी, आत लाखेसारखं चकचकीत तांबडं. पहिल्या ठिपक्यापासून तीन महिने लागले. लाकडासारखी कडक, त्यामुळे चावून खायचा प्रश्नच नाही; काप उकळून काढा घ्यायचा. घेतला. कडू म्हणजे किती कडू, तर दात घासूनही जाईना.

आईने उत्साहाने कप पुढे केला होता. तिच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, म्हणून आधी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं, आणि कर्करोगावर चालते वगैरे कोणी सांगितलं तर तेही ऐकू नका म्हणाले. नंतर मी शोधलं. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2016 च्या आढाव्यातही तेच: कर्करोगाचा मुख्य उपचार म्हणून रेशी वापरायला पुरेसा पुरावा नाही. शिवाय माझ्या काढ्यात काय किती उतरलं हे मी कुठल्या वाटीने मोजणार? आमची रेशी आता पुस्तकांच्या फळीवर असते. आल्या-गेल्याने विचारलं की मी वीस मिनिटं बोलतो, एवढाच तिचा उपयोग.

पुन्हा काय घेईन? ताजं स्पॉन, भोकांचा डबा, स्वयंपाकघरातला काटा. धुकं पाडणारं यंत्र घेणार नाही. ते डबा चिंब करायचं आणि स्वस्तातलं आर्द्रतामापक 99 वर अडकून बसायचं.

जाता जाता एक. तीन पिकं देऊन दमलेला एक बेड मी खत म्हणून फोडून गुलाबाच्या कुंडीत पसरला आणि विसरलो. ना डबा, ना फवारा, ना फडकं. नऊ दिवसांनी दोन पावसांच्या मधल्या उघडिपीत पाहिलं तर कुंडीच्या काठावर आखूड देठाचा, रुंद टोपीचा, अगदी सूचनापत्रकावरच्या फोटोसारखा झुपका. वजन केलं. 140 ग्रॅम.